हनुवटीची जखम भरली, पण तोंड उघडतंय का?

पोर धडपडतं, हनुवटी फुटते, आपण हळद दाबतो. फार तर दोन टाके. खपली पडली की विषय संपला! पण मैत्रिणींनो, हनुवटीवर बसलेला मार तिथंच थांबत नाही. तो खालच्या जबड्यातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, तो हलताना हाताला लागेल.

लहान मुलांत तिथलं हाड मोडू शकतं, सांध्यात रक्त साकळतं. दुखतं म्हणून पोर तोंड उघडत नाही, आपणही पेज-दूध देऊन गप्प बसतो. मग न हलणाऱ्या त्या सांध्यात हळूहळू नवं हाड धरतं आणि जबडा कवटीला चिकटतो. कानातला जुना पू दुर्लक्षित राहिला तरी कधीकधी असं होतं.

पुढचं सगळं त्या लेकराच्या वाट्याला येतं. भाकरी चावता येत नाही, घास दातांच्या फटीतून सरकवायचा. ब्रश आत जात नाही, दात किडतात. जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी आत राहते, झोपेत श्वास अडकून घोरणं सुरू होतं. मुलगी असली तर लोकांना आधी तिच्या लग्नाची काळजी! अहो, ती जेवते कशी, हे आधी विचारा ना.

यावर गोळ्या-मालिश चालत नाही, ऑपरेशनच लागतं. चिकटलेलं हाड कापून मधे कानशिलाजवळचा स्नायू घालतात. वाढत्या वयात काही वेळा बरगडीचा तुकडा बसवतात. तोंडच उघडत नसल्यानं भुलीची नळीही बहुधा नाकातून घालावी लागते. खरी कसोटी नंतर आईची असते. तोंड उघडण्याचा व्यायाम कित्येक महिने रोज, पोर रडलं तरी करून घ्यायचा. तो सोडला की सांधा पुन्हा चिकटू शकतो.

म्हणून हनुवटीवर पडलेल्या मुलाला मुख-शल्यचिकित्सकाला दाखवून एक्स-रे काढून घ्या. आपल्याकडे सीपीआर आहे, नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. घरी एक सोपी खूण पाहा: मुलाची स्वतःची तीन बोटं उभी करून त्याच्या तोंडात जातात का? आणि हो, अचानक दातखीळ बसली तर अंगारा-धुपारा नको. तो धनुर्वातही असू शकतो, तासाभराचीही वाट न पाहता दवाखाना गाठा.