काट्यावरचे वजन आणि धावणारे शरीर

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत लांब पल्ल्याचे चालणे-धावणे ही केवळ हौसेची बाब नाही, तर अनेक घरांच्या उपजीविकेचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. वनरक्षक पदासाठी निवडल्या जाणाऱ्या पुरुष उमेदवाराला 4 तासांत 25 किलोमीटर आणि महिला उमेदवाराला तेवढ्याच वेळात 16 किलोमीटर चालून दाखवावे लागते. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धाव, शिवाय 100 मीटर धाव आणि गोळाफेक या चाचण्या द्याव्या लागतात. या मैदानी चाचणीसाठी, म्हणजे मुलांच्या भाषेतल्या ‘ग्राउंड’साठी, पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या तरुणांमध्ये एक समजूत पक्की रुजलेली आहे: वजन जितके कमी, तितका वेग जास्त. ही समजूत पूर्णपणे खोटी नाही, आणि म्हणूनच ती अधिक नुकसान करते.

तिच्यातला खरा भाग असा की, धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण 1 किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते, त्यामुळे अंगावरची अनावश्यक चरबी हे वाहून न्यावे लागणारे ओझेच ठरते. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी लष्करी सेवेत वाढलेले वजन सरावातून उतरवले आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. मात्र ज्याच्या अंगावर उतरवण्याजोगी चरबी आहे त्याला लागू पडणारा नियम, मुळातच 50 किलोच्या आत असलेल्या आणि लहानपणापासून पोटभर सकस अन्न न मिळालेल्या मुलाला लागू पडत नाही, कारण त्याच्या शरीरातून जे उतरते ते बहुतांशी स्नायूच असतात. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते या क्षमतेचे माप दर किलो वजनामागे काढतात. चरबी घटली तर हा आकडा सुधारतो, पण वजनाबरोबर स्नायू आणि रक्तातील हिमोग्लोबिनही घटले तर भागाकारातला वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे उतरतात आणि हाती काही लागत नाही.

काट्यावरच्या आकड्यावरून शरीराची घडण कळते, हाही असाच एक भ्रम आहे. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय, म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच मोजमाप शेजारी शेजारी ठेवून दाखवले होते की, दोघांचाही निर्देशांक 22.3 असताना युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त अशी भारतीय शरीराची ठेवण अनेकदा असते. अशा माणसाने उपास करून आणखी बारीक होण्यापेक्षा स्नायू कमावणे कितीतरी अधिक गरजेचे असते.

धान पिकवणाऱ्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, भात सोडण्याचा सल्ला विशेष ऐकू येतो, कारण तो पाळला की 4-5 दिवसांत काटा 1-2 किलोंनी खाली येतो आणि सल्ला देणाऱ्याचे म्हणणे खरे वाटू लागते. प्रत्यक्षात भातातील पिष्ट पदार्थ यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या साठ्याच्या रूपाने राहतात आणि या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. भात बंद झाला की हा साठा आणि त्यातले पाणी निघून जाते. उतरलेले वजन चरबीचे नसून वेगाने धावण्यासाठी लागणाऱ्या इंधनाचे असते, आणि म्हणूनच हलक्या झालेल्या मुलाचे पाय शेवटच्या 400 मीटरमध्ये जड पडतात.

सर्वांत गंभीर गैरसमज मुलींच्या बाबतीत आढळतो: पाळी थांबली म्हणजे सराव चांगला अंगी लागला. जेवणातल्या ऊर्जेतून व्यायामाचा खर्च वजा जाता हृदय, हाडे, संप्रेरके आणि प्रतिकारशक्ती यांच्या कामासाठी जी ऊर्जा शिल्लक राहते तिला ऊर्जा-उपलब्धता म्हणतात. चरबी वगळता उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे ती दिवसाला सुमारे 45 किलोकॅलरी असावी आणि 30 च्या खाली गेली की शरीर एकेक काम बंद करू लागते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 48 किलो वजनाच्या मुलीच्या शरीरातील चरबी वगळता सुमारे 38 किलो उरतात असे धरले, आणि ती रोज 10 किलोमीटर धावून 480 किलोकॅलरी खर्च करत असली, तर तिला दिवसाला साधारण 2200 किलोकॅलरींचे जेवण हवे. ती 1600 वरच थांबली तर तिची ऊर्जा-उपलब्धता 30 च्याही खाली जाते. थांबलेली पाळी ही शरीराने दिलेली धोक्याची सूचना आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर हाडांची घनता घटते आणि नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला ताणामुळे बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला क्रीडेतील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता असे स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुष खेळाडूंमध्येही उद्भवते हे स्पष्ट केले. ज्या वयात हाडे भरायची असतात त्याच वयात ही मुले-मुली भरतीच्या मागे धावत असतात, ही गोष्ट प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यायला हवी.

स्नायू कमावले तर अंग जड होऊन वेग मंदावतो, ही भीतीही निराधार आहे. भरपूर धावणाऱ्या शरीरात स्नायूंचा आकार फारसा वाढत नाही. वाढते ती प्रामुख्याने त्यांची ताकद आणि मज्जातंतूंकडून मिळणारी आज्ञा झटकन पाळण्याची क्षमता. फिनलंडमधल्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंनी 9 आठवडे सरावाचा काही वेळ उड्या आणि जोरकस ताकदीच्या व्यायामाला दिला, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तशीच राहूनही 5 किलोमीटरची वेळ सुधारली, कारण तेच अंतर ते कमी ऊर्जेत कापू लागले होते. पोलीस भरतीत तर ज्या शरीराने 1600 मीटर धावायचे त्याच शरीराने 7.26 किलोचा गोळाही फेकायचा असतो, त्यामुळे केवळ हलके होत गेलेल्या मुलाला एका चाचणीत मिळालेले गुण दुसऱ्या चाचणीत गमवावे लागतात. हलकेपणा म्हणजेच तयारी नव्हे, हे गिर्यारोहणातही दिसते. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या 5 आदिवासी विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेत एव्हरेस्ट सर केले. तितक्या उंचीवर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळते, म्हणून तेथे जाताना अंगावर चरबी-स्नायूंची शिल्लक असणे हा तयारीचाच भाग ठरतो.

स्नायू घडवण्यासाठी महागडी पावडर लागतेच असे नाही. सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात, तर लांब पल्ल्याच्या खेळाडूला 1.2 ते 1.6 ग्रॅम लागतात; 55 किलोच्या मुलासाठी हा आकडा 66 ते 88 ग्रॅम होतो. दिवसभरात 400 ग्रॅम तांदळाचा भात, 100 ग्रॅम तुरीची डाळ, दोन अंडी आणि मामा (माजी मालगुजारी) तलावातली 100 ग्रॅम मासळी एवढ्यातून सुमारे 80 ग्रॅम प्रथिने मिळतात. घराघरांत खरी उणीव असते ती डाळीच्या प्रमाणाची, कारण भात ताटभर असतो आणि वरण पाण्यासारखे.

चाचणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचे जाकीट घालून घाम गाळण्याचा प्रकार मात्र थेट जिवावर बेतू शकतो. घामातून गेलेले वजन पाण्याचे असते आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, जेथे पारा 47 अंशांपर्यंत चढतो, ते पाणीच शरीराला थंड ठेवत असते. या दोन जिल्ह्यांत धोका आणखी एका कारणाने वाढतो. तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार देणारा सिकलसेल हा आनुवंशिक दोष येथील अनेक समाजांत आढळतो आणि 1986 मध्ये स्थापन झालेल्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत सुरुवातीच्या काळातच त्याकडे लक्ष वेधले होते. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेल्या व्यक्तीला वाहक म्हणतात. वाहकाने धावू नये असे मुळीच नाही, मात्र अमेरिकी सैनिकांच्या 2016 मधील मोठ्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले नसले, तरी अतिश्रमाने स्नायूपेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळला. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी सिकलसेल आणि हिमोग्लोबिन या दोन तपासण्या करून घ्याव्यात, सराव हळूहळू वाढवावा आणि उन्हात पाणी तोडू नये. वजनकाटा येथे खरोखर कामाचा आहे: धावण्यापूर्वी आणि धावून आल्यावर घाम पुसून वजन केले, तर घटलेला प्रत्येक किलो म्हणजे सुमारे 1 लिटर गेलेले पाणी, आणि ते पुढच्या काही तासांत चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याने किंवा ताकाने, घोटाघोटाने भरून काढायचे असते.