जड चाप आणि सरळ बोट

अकलूजसारख्या गावात महाविद्यालयीन मुलामुलींच्या हाती पहिली रायफल येते ती बहुधा एनसीसीची .22. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंद झाली आणि या छोट्या कॅलिबरला आपल्याकडे मुख्य काम उरलं ते निशाणबाजीचं. नवख्यांची एक तक्रार ठरलेली असते: चाप फार जड आहे, ओढताना नेम हलतो. तक्रार खरी आहे. पण चाप घासून हलका करून घ्यायचा, हा त्यावरचा उपाय म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

चाप तीन किलोचा आहे, म्हणजे तो ओढायला तीन किलोचा जोर लागतो, असं धरू. बोट त्याला मागे खेचतं, तेव्हा दस्ता धरलेला हात रायफलीला तेवढ्याच जोराने पुढे रेटत असतो. ही दोन बलं एका रेषेत असली तर एकमेकांना तोलून धरतात आणि नळी जागची हलत नाही. बोट पाच अंशांनी जरी तिरकं गेलं, तरी सुमारे 260 ग्रॅमचं बल रायफलीला आडवं ढकलू लागतं, आणि ती असते जेमतेम तीन किलोंची. पुढची-मागची माशी 60 सेंटिमीटर अंतरावर असेल, तर त्यांच्या रेषेतली एक दशांश मिलिमीटरची चूक 50 मीटरवर आठ मिलिमीटरहून मोठी होते. तिथे ऑलिंपिकच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. चाप अर्ध्या किलोचा केला तर आडवं बल 44 ग्रॅमवर येईल, हे मान्य. पण बोट तिरकंच राहील. चूक लहान होईल, सुटणार नाही.

जड चापावर प्रभुत्व मिळवता येतं याचा पुरावा कोल्हापुरात आहे. तिथल्या नेमबाज राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. या प्रकारात चाप किमान 1000 ग्रॅमचा असावा लागतो आणि पिस्तुलाचं वजन 1400 ग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक ओढ, तीही एका हाताने, आधाराशिवाय. यावर कुणी म्हणेल, मग 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्या रायफल प्रकारात चापाला किमान वजनाची अट का नाही? कारण ती रायफल आठ किलोंपर्यंत भारी असू शकते, तिचा चाप मुळातच हलका चालावा म्हणून घडवलेला असतो, आणि ती भरली जाते फक्त रेंजवर, आज्ञा मिळाल्यावर, नळी लक्ष्याकडे असताना. साध्या रायफलीला हे सगळं लागू होत नाही.

चाप घासण्यात धोकाही आहे. चाप आणि घोडा यांना अडवून धरणारे पोलादी कंगोरे अनेक बंदुकांत फक्त वरच्या पातळ थरात कडक केलेले असतात. कानशीने तो थर गेला की खालचं मऊ पोलाद झपाट्याने झिजतं, पकड उथळ होते आणि एखाद्या धक्क्याने गोळी आपोआप सुटू शकते. गोळी सुटली की ती कुणाच्या दिशेने जाईल हे सांगता येत नाही, म्हणून या मुद्द्यावर तडजोड नको. शिवाय 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि एनसीसीची रायफल तर सरकारी शस्त्र.

पण म्हणून प्रत्येक जड चाप निमूट सोसायचा असंही नाही. कधी वाळलेलं तेल आणि धूळ यांनीच तो चिकट झालेला असतो. तिथे आर्मररने, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या जाणकाराने, केलेली सफाई पुरते. ओढताना खरखरत असेल, मध्येच अडकत असेल, तर दोष यंत्राचा आहे आणि तो जाणकारालाच दाखवावा. बाकी वेळी पालथं झोपून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे, जोर हळूहळू वाढवत जायचा सराव करावा. गोळी सुटल्यावरही क्षणभर नेम तसाच धरावा, कारण चाप सुटल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. हा सराव प्रशिक्षकासमोर गोळीविना करता येतो. फक्त .22च्या काडतुसाला सुई (फायरिंग पिन) कडेवर मारते, त्यामुळे रिकाम्या नळीवर ती कोठीच्या काठाला आदळून दोघांचं नुकसान होऊ शकतं. म्हणून आत बनावट काडतूस घालावं.