दगडी हत्यारावरचा काटा: बग की फीचर?

जुना कोड वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो: ही ओळ मुद्दाम लिहिलीये, की चुकून राहिलीये? लिहिणारा अजून टीममध्ये असेल तर विचारता येतं. नसेल तर आपण अंदाज बांधतो, आणि पुष्कळदा चुकतो. पुरातत्त्वज्ञांची अडचण हीच आहे. फक्त त्यांचा 'डेव्हलपर' जाऊन हजारो वर्षं झालेली असतात.

एक उदाहरण बघू. उत्तर अमेरिकेत हिमयुगाच्या अखेरीच्या दगडी तासण्या सापडतात. तासणी म्हणजे कातडं खरवडायचं छोटं हत्यार. काही तासण्यांच्या धारेच्या कोपऱ्यावर बारीकसा काटा असतो. कोरीवकामासाठी तो मुद्दाम काढला असावा, असं मानलं जायचं. म्हणजे फीचर!

पण हे तपासायचं कसं? जिथे अशी हत्यारं बनवणारी माणसं आहेत तिथे जाऊन. दक्षिण इथिओपियातल्या गामो डोंगराळ भागात कातडं कमावणारे कारागीर दगडी तासणी वापरत आले आहेत. दगडाची कपची काढायची, ती लाकडी मुठीत बसवायची आणि धार बोथट झाली की बारीक कपच्या उडवून पुन्हा धार लावायची. असं करता करता तासणी झिजून लहान होते आणि मग टाकून दिली जाते. थोडक्यात, उत्खननात जे मिळतं ते बहुतेक वेळा 'शेवटचं व्हर्जन' असतं.

कॅथरिन वीडमन यांनी कोणती तासणी कोणाची, त्याचं वय काय, अनुभव किती, हे नोंदवलं. २००२ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: काटे प्रामुख्याने नवशिक्यांच्या आणि हातातलं बळ कमी झालेल्या वृद्धांच्या हत्यारांवर दिसतात. म्हणजे बग!

तिथून दक्षिणेला, कोन्सो भागात, हेच काम बायका करतात आणि आईकडून किंवा घरातल्या इतर बायकांकडून शिकतात. 'दगडी हत्यारं घडवणं हे पुरुषांचं काम' या गृहीतकालाही तिथे तडा गेला.

यावरून अमेरिकेतला प्रत्येक काटा चुकूनच आला, असं सिद्ध होत नाही. पण 'दिसतंय म्हणजे मुद्दाम केलंय' असं आता सहज म्हणता येत नाही.

कोडला निदान कमेंट्स असतात. या कामाचं डॉक्युमेंटेशन मात्र कारागिराच्या हातात आहे. ते हात थांबले, की विचारायला कोणी उरणार नाही.