मोबाईल कॉर्ड ओळखतो कसा?

लग्नसराई आली की धरणगाव, एरंडोल, अमळनेरकडच्या बँडवाल्यांना नवी अहिराणी गाणी बसवावी लागतात. ‘हाई झुमकावाली पोर’सारखं गाणं गाजलं की वरातीत त्याचीच फर्माईश होते, आणि अशा गाण्यांचं नोटेशन काही बाजारात मिळत नाही. चाल कानाने उचलता येते. कीबोर्डवाला अडतो तो डाव्या हाताशी: कुठला कॉर्ड धरायचा, आणि तो बदलायचा कुठे? हल्ली ‘कॉर्डिफाय’सारखी ॲप्स हे सांगतात. त्यांचं ऐकावं, पण ती काय ऐकतात हे आधी समजून घ्यावं.

ध्वनिमुद्रण म्हणजे यंत्राच्या दृष्टीने नुसते आकडे, सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे. त्यांचे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात कोणकोणती कंपनं किती जोरात आहेत ते गणिताने काढायचं. पहिली अडचण इथेच येते. तुकडा एक दशांश सेकंदाचा घेतला, तर साधारण १० हर्ट्झपेक्षा जवळचे स्वर वेगळे दिसत नाहीत. आणि खालच्या सप्तकात ११० हर्ट्झचा स्वर व त्याच्या वरची पट्टी यांत जेमतेम साडेसहा हर्ट्झचं अंतर असतं. तुकडा मोठा केला तर स्वर सुटे होतात, पण कॉर्ड नेमका कधी बदलला ते धूसर होतं. ‘कॉर्डिनो’ हे मोफत साधन म्हणूनच सुमारे ०.३७ सेकंदाचा तुकडा घेतं आणि तो थोडाथोडा पुढे सरकवत जातं.

मग सगळी सप्तकं एकावर एक दुमडतात. ११०, २२०, ४४०, ८८० हर्ट्झ हे सगळे पांढरी सहाच्या कप्प्यात. असे बारा कप्पे होतात, बारा स्वरांचे. ही युक्ती कॉर्ड ओळखण्यासाठी ताकुया फुजिशिमा यांनी १९९९ मध्ये मांडली, आणि पुढची बरीच साधनं तिच्यावरच उभी आहेत. भरलेले कप्पे बारा मेजर आणि बारा मायनर अशा चोवीस साच्यांशी ताडून पाहायचे. जो सर्वांत जवळ, तो कॉर्ड. क्षणाक्षणाला उत्तर उड्या मारू नये म्हणून एका कॉर्डनंतर दुसरा येण्याची शक्यताही हिशेबात धरतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण एक सूर म्हणजे एकच कंपन नसतं. २२० हर्ट्झचा सा छेडला की ४४०, ६६०, ८८०, ११०० हीही कंपनं उठतात. यातलं ६६० म्हणजे पंचम, आणि ११०० म्हणजे शुद्ध गंधार. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपल्याला ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. म्हणजे एकट्या सा मध्येच सा-ग-प हा मेजर कॉर्ड दडलेला असतो! कच्चं साधन तानपुऱ्यावर सरळ ‘मेजर’ लिहून मोकळं होतं, मग गायक कोमल गंधार का लावत असेना. कॉर्डिनो आधी हे उपस्वर कोणत्या मूळ स्वराचे असतील ते शोधतं आणि मगच कप्पे भरतं. याचा फायदा मोठा आहे, पण चूक पूर्ण टळत नाही.

आता काळी एकचं गाणं घ्या. काळी एक मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. पांढरी सहा मेजर म्हणजे कोमल ध, सा, कोमल ग. तीनपैकी दोन स्वर सारखेच. बेस कोमल धैवतावर गेला आहे, आणि त्याच वेळी गायकाने पंचम लांबवला, तर ॲप मायनर सांगू शकतं. त्यात वरातीच्या गाण्यात ढोल-ताशा असतोच. त्याचा आवाज बाराही कप्प्यांत सांडतो. ‘डीझर’ कंपनीने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या ‘स्प्लीटर’सारख्या साधनाने गळा आणि ताल आधी वेगळा काढून मग कॉर्ड शोधले, तर बऱ्याचदा निकाल सुधारतो.

जुन्या गाण्यांचा पेच निराळा. टेपचा वेग कमीजास्त झाला की पट्टी काळी-पांढरीच्या मध्येच कुठेतरी पडते. ती तफावत चांगली साधनं स्वतः मोजून घेतात. पण नुसती पेटी, सारंगी आणि तबला असलेल्या गाण्यात कॉर्ड कोणी वाजवलेलाच नसतो. तिथेही ॲप बऱ्याचदा काहीतरी नाव देतंच! ते फक्त सुरावटीवरून बांधलेलं अनुमान असतं. अशा संगीतासाठी स्वररेषाच काढणारी साधनं जास्त उपयोगी पडतात. मुंबई आयआयटीत प्रीती राव यांच्या गटाने त्यावर बरंच काम केलं आहे.

कॉर्डिनो ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ या मोफत प्रोग्रॅममध्ये चालतं. साधा लॅपटॉप पुरतो. ॲपने दिलेले कॉर्ड लिहून घ्या, गाणं लावा आणि डाव्या हाताने फक्त खर्जाचा एकेक स्वर वाजवत जा. जिथे तो बेसशी जुळत नाही, तिथे आपला कान खरा धरा आणि ॲपचं उत्तर बेलाशक खोडा.