उन्हाळी नांगरट व ट्रॅक्टरचे तेल

परभणी जिल्ह्यात वैशाखात पारा अनेकदा 42 अंशांवर जातो आणि त्याच सुमारास काळ्या जमिनीची खोल नांगरट चालते. अशा वेळी हायड्रॉलिक यंत्रणेतील तेल 80 अंशांपलीकडे तापल्यास ते पातळ होते, रबरी सील कडक होतात व उचललेला नांगर हळूहळू खाली बसू लागतो.

पलटी नांगर उलटल्यावरही लिव्हर दाबून धरल्यास तेल सुरक्षा-झडपेतून निसटते व वाया जाणारी शक्ती उष्णता बनते. म्हणून लिव्हर तत्काळ सोडावा. तेलाची पातळी रोज सकाळी सपाट जागी पाहावी. गाळणी वेळेवर बदलावी. शक्यतो पहाटे व सायंकाळी नांगरणे हितावह होय. उचललेल्या नांगराखाली मात्र कोणीही क्षणभरही जाऊ नये.