भीतीचं माप, धोक्याचं माप

तारापूर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला आधी अणुशक्ती केंद्र आठवतं. पाठोपाठ प्रश्न येतो, 'तिथे राहायला भीती नाही वाटत?' आणि दुसरीकडे, महामार्ग सोडून चिल्हार फाट्यावरून शेजारच्या बोईसरकडे वळणारे कितीतरी दुचाकीस्वार हेल्मेट आरशाला अडकवून जातात. यावर जाणत्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं: लोकांना धोका कळत नाही, ते भावनेच्या आहारी जातात. हे लगेच पटतं. पण 'लोक असेच असतात' हेही एक विधान आहे आणि विधान म्हटलं की ते तपासायला हवं. पडणारी वस्तू किती वेगाने पडते हे आपण मोजून ठरवतो. माणूस का घाबरतो हे मात्र अंदाजाने सांगून टाकतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची व्यावसायिक वीजनिर्मिती 28 ऑक्टोबर 1969 रोजी सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. त्याच्या महिनाभर आधी चॉन्सी स्टार या अमेरिकी अभियंत्याचा एक लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. समाज किती धोका चालवून घेतो, हा त्याचा प्रश्न होता. अपघातांचे आकडे आणि मिळणारे फायदे शेजारी शेजारी मांडून त्याने निष्कर्ष काढला की, आपखुशीने पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट असला, तरी लोक तो सोसतात. दुचाकी आपण चालवतो. अणुभट्टी कुणीतरी गावाशेजारी आणून ठेवतं.

लोकांना विचारलं तेव्हा

पुढे पॉल स्लोविक, बारूख फिशहॉफ आणि सारा लिक्टेनस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी आकड्यांवरून अंदाज बांधण्याऐवजी थेट लोकांनाच विचारलं. 30 गोष्टींची यादी देऊन सर्वांत धोकादायक ते सर्वांत कमी धोकादायक असा क्रम लावायला सांगितला. अमेरिकेतल्या महिला मतदार संघटनेच्या सदस्यांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला, तर तज्ज्ञांनी विसावा. मोटारगाड्या तज्ज्ञांच्या यादीत पहिल्या होत्या, सदस्यांच्या यादीत दुसऱ्या.

इथेच थांबलं असतं, तर लोकांचं अज्ञान सिद्ध झालं असं वाटलं असतं. पण संशोधकांनी आणखी एक प्रश्न विचारला: एरवीच्या एका वर्षात यातल्या प्रत्येक गोष्टीने किती माणसं दगावतात? सर्वसामान्य लोकांनी सर्वांत कमी मृत्यू अणुऊर्जेच्याच नावावर मांडले. म्हणजे नेहमीच्या वर्षात माणसं मरत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची भीती अनर्थाच्या त्या एका वर्षाची होती. धोका आपल्या हातात आहे का, तो दिसतो का, पुढच्या पिढीला भोवेल का, हेही ते तोलत होते. तज्ज्ञांचा धोक्याचा अर्थ मुख्यतः मृत्यूंच्या संख्येशी बांधलेला होता. एका चांगल्या प्रश्नाने 'लोकांना कळत नाही' हा पक्का समज डळमळला.

आपल्या किनाऱ्यावर

हे लक्षात ठेवून तारापूरच्या पालघर जिल्ह्याकडे पाहावं. केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली. तिथल्या माणसाला 'किरणोत्सर्गाची पातळी मर्यादेत आहे' असं सांगितलं, तर त्याच्या अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं. निर्णय कुणी घेतला, विश्वास कुणावर ठेवायचा, हा अर्धा प्रश्न उरतोच.

शेजारच्या एमआयडीसीची गोष्ट निराळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरलं. 11 जानेवारी 2020 रोजी इथल्या एका कारखान्यातल्या स्फोटात आठ जण मृत्युमुखी पडले. तरीही बाहेरगावी चर्चा होते ती अणुभट्टीचीच. जिथून फायदा जाणवतो तिथला धोका मनाला लहान वाटतो, असं स्लोविक आणि सहकाऱ्यांच्या नंतरच्या प्रयोगांत दिसलं. पगार देणाऱ्या कारखान्याबाबत हेच घडत असेल का? हे अनुमान आहे. ते बोईसरकरांना नीट विचारूनच तपासायला हवं.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. धुंदलवाडी परिसरातली कुटुंबं थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. लांबून पाहणाऱ्याला ही घबराट वाटेल. पण भूकंपात माणूस बहुधा पडणाऱ्या भिंतीने दगावतो. कच्च्या घरातल्या माणसाने बाहेर झोपणं शहाणपणाचंच होतं. वागणं समजून घ्यायचं तर माणसाच्या स्वभावाआधी त्याची परिस्थिती पाहावी लागते.

अनुभवाला मोजमापाची जोड मिळाली की काय होतं, हे इथल्या मच्छीमारांनीच दाखवून दिलं. नवापूरच्या समुद्रात जाणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. बिघडलेलं पाणी आणि घटलेली मासळी हा तिथल्या लोकांचा रोजचा अनुभव. लवादापुढे त्याला नमुने, तपासण्या आणि अहवालांचा आधार मिळाला, आणि 2022 मध्ये कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी आली.

म्हणून वैज्ञानिक दृष्टीची अपेक्षा फक्त गावकऱ्यांकडून करू नये. 'लोक अडाणी आहेत' असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यालाही विचारायला हवं: हे तुम्ही कसं तपासलंत? कोणता पुरावा दिसला तर तुमचं मत बदलेल? आपत्कालीन आराखडा किंवा धोक्याची सूचना देणारी यंत्रणा आखताना आधी लोकांना काय वाटतं आणि का वाटतं, हे पद्धतशीर विचारून नोंदवावं. मगच ती आणीबाणीत उपयोगी पडेल.