दादरला बसून गावच्या शेताचा नकाशा काढलात? कोटेशन देण्याआधी हे वाचा



सातबारा आणि गटाचा नकाशा मोबाइलवर कसा काढायचा ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं आहे, त्यामुळे इथे बटणं पुन्हा मोजत बसत नाही. हा लेख त्याच्या पुढच्या पायरीचा आहे. नकाशा उघडला, क्लायंटचा नंबर दिसला, भोवती निळी-काळी रेघ दिसली. आता त्या रेघेच्या भरवशावर तुम्ही किती पुढे जायचं?

हे कुणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. लालबाग-परळ, गिरगाव, दादर इथे राहून गावच्या जमिनीवर धंदा करणाऱ्यांसाठी. आंबा-काजूची बाग वार्षिक कराराने सांभाळणारे, फवारणीची टीम पाठवणारे, कुंपण आणि ठिबकची कामं घेणारे, माती तपासून खताचा सल्ला देणारे, बँकेसाठी प्रकल्प अहवाल लिहून देणारे. मालक मुंबईत, जमीन रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्गात, आणि मधे तुम्ही. गिरणीच्या काळापासून आपल्याकडची घरं अशी दोन ठिकाणी पाय ठेवून आहेत, त्यामुळे हा धंदा इथूनच चालणार हे साहजिक आहे. अडचण एवढीच की हद्द तिकडे आहे आणि कोटेशन इकडे लिहिलं जातं.

पहिली गोष्ट, नकाशा बघणं हा तुमचा हक्क आहे. कुणाची मेहरबानी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ३२७ सांगतं की नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना पाहण्यासाठी खुले असतील आणि ठरलेली फी भरून त्यांच्या नकला मिळतील. त्यासाठी १९७० चे वेगळे नियमही आहेत. पूर्वी या हक्कासाठी तालुक्याच्या कचेरीत खेप घालावी लागायची. आता महाभूलेखवर बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो, आणि महाभूनकाशावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नंबर टाकला की त्या तुकड्याची आकृती, शेजारचे नंबर आणि खातेदारांची नावं समोर येतात. पीडीएफही निघते.

(गिरगावचा किंवा परळचा सातबारा शोधून दमू नका. मुंबई शहरात सातबारा चालत नाही, सी.एस. नंबर आणि मालमत्ता पत्रक चालतं. मुगभाट, केळेवाडी, फणसवाडी ही नावं शेताबागांची आहेत, पण तिथली नोंदवही कधीच वेगळी झाली.)

आता रेघेकडे येऊ. स्क्रीनवरची ही रेघ उपग्रहाने काढलेली नाही. जुन्या कागदी नकाशांवरून ती संगणकात उतरवलेली आहे, आणि त्या कागदाचं मूळ इंग्रजांच्या काळात आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून ही मोजणीची पद्धत सुरू केली, १८४७ च्या जॉइंट रिपोर्टने तिचे नियम पक्के झाले आणि मग ती मुंबई इलाख्यात पसरली. साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, तो आपण आजही वापरतो. त्या मोजणीचा हेतू काय होता? सारा बसवणं. कोणत्या शेतावर किती आकार लावायचा हे ठरवायला ती पद्धत उत्तम होती. तुमचं कुंपण चार फूट इकडे की तिकडे, यासाठी गावचा नकाशा काढलेला नव्हता. त्यासाठी मोजणीदाराने शेतात उभं राहून लिहिलेलं टिपण असायचं, आणि पोटहिस्सा पडला असेल तर फाळणी. हे दोन कागद स्क्रीनवरच्या नकाशात दिसत नाहीत. व्हिडिओत ‘टिपण, फाळणी’ म्हणून ओरडतोय ते यासाठी.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. समजा नकाशाचं प्रमाण १:५००० आहे. कागदावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल तर जमिनीवर ती रेघच अडीच मीटर रुंद झाली. कागद ताणला, आकसला, स्कॅन करताना हलला, तो फरक वेगळा. मोबाइलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतो तो आणखी वेगळा. पण फक्त रेघेचे अडीच मीटर धरा. घाटावर कुणाची दोन हेक्टर सलग जमीन असेल, साधारण चौकोनी, तर एका बाजूला अडीच मीटरची पट्टी म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस मीटर, एकूण जमिनीच्या दोन टक्क्यांहून कमी. खताचा सल्ला द्यायला, पाण्याचा हिशेब करायला हा फरक चालून जातो. आता कोकणातला दोन गुंठ्यांचा हिस्सा घ्या, वीस मीटर बाय दहा मीटर. लांब बाजूला तीच अडीच मीटरची पट्टी पन्नास चौरस मीटर होते, म्हणजे पाव जमीन गेली. तोच नकाशा, तेवढीच चूक, पण एका ठिकाणी ती हिशेबात धरायची गरज नाही आणि दुसऱ्या ठिकाणी त्यावरून कोर्टात जाता येईल.

म्हणून माझा नियम साधा आहे. सल्ला नकाशावर द्या. जमिनीत काही रोवायचं असेल, खणायचं असेल किंवा तोडायचं असेल, तर नकाशावर थांबू नका.

कोकणात आणखी एक गाठ आहे. घाटावर १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर बऱ्याच गावांत गट नंबर आले. कोकणातल्या बऱ्याच गावांत मात्र अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो. सातबारा हिस्स्याचा वेगळा निघतो, पण नकाशात त्या हिस्स्याची वेगळी रेघ असेलच असं नाही, कारण कागदावर वाटणी झाली तरी जमिनीवर मोजणी कधी झालेलीच नसते. वर सामाईक नावं. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातले निम्मे मुंबईत, कुणी अंबरनाथला, कुणी बडोद्याला. तुमच्याकडे आलेले काका ‘बाग आमचीच’ म्हणतात ते मनापासूनच म्हणतात. त्यांच्या वहिवाटीत ती आहेही. पण वहिवाट वेगळी आणि अभिलेखातली हद्द वेगळी असू शकते.

समजा तुम्ही काजूच्या बागेची साफसफाई घेतलीत. मजूर गडग्यापर्यंत गेले. गडगा म्हणजे हद्द, असं सगळेच धरून चालतात. पण तो गडगा आजोबांनी गुरं आत येऊ नयेत म्हणून सोयीच्या जागी रचलेला असतो, आणि अलीकडची दहा झाडं चुलत्यांच्या हिस्स्यात असतात. त्या दिवशी तुमच्या टीमने फांद्या नाही तोडल्या, तुम्ही एका भाऊबंदकीत पक्षकार झालात. पैसे अडकतात, गावात पुन्हा काम मिळत नाही. आंबा, फणसासारखी झाडं तोडली असतील तर १९६४ चा वृक्षतोड कायदाही मागे लागतो. मी हे भीती घालायला सांगत नाही. पाच हजारांच्या कामात पन्नास हजारांची जोखीम असते, ती कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, म्हणून सांगतो.

मग लिहायचं कसं? दराचं आधी. कोकणातल्या बागेला एकरी दर लावूच नका. कलमं मोजा, झाडावर दर लावा, फवारणी असेल तर टाकीवर. झाड मोजताना हद्दीचा प्रश्न निम्मा सुटतो, कारण मालकाला प्रत्येक झाडापाशी ‘हे माझं’ म्हणावं लागतं. सपाट शेतात एकरी दर चालेल, पण सातबाऱ्यातलं एकूण क्षेत्र उचलून गुणाकार करू नका. त्यात पोटखराबाही असतो, तिथे ना पीक ना फवारणी. आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी, त्यामुळे वीस आरला वीस गुंठे म्हटलं तर फार बिघडत नाही. अनेकजण इथेच घाबरतात, तुम्ही घाबरू नका.

कोटेशनमध्ये दोन वाक्यं ठेवा: ‘कामाची हद्द मालकाने जागेवर दाखवल्याप्रमाणे धरली आहे. सरकारी मोजणी या दरात समाविष्ट नाही.’ नकाशाची प्रिंट काढून मालकाला त्यावर पेनाने कामाचा भाग दाखवायला सांगा आणि सही घ्या. मालक येऊ शकत नसेल तर त्याच्या माणसासोबत हद्दीवरून चाला आणि मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. शेजारचा वाटेत भेटला तर दोन मिनिटं थांबा, बोला. त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल. आणि सगळ्यात आधी विचारा: ‘मोजणीची क प्रत आहे का?’ असेल तर अर्धं काम झालं.

क प्रत म्हणजे भूमी अभिलेख खात्याने मोजणी करून दिलेला नकाशा. हद्द कायम मोजणी हवी असेल तर अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे जातो, ई-मोजणीवरून ऑनलाइनही करता येतो. हा अर्ज तुम्ही स्वतःच्या नावाने करू शकत नाही, जमिनीत हक्क असलेल्यानेच करायचा असतो. लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, मोजणीदार येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो. कुणाला मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. आता मोजणी रोव्हरने होते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची संदर्भ केंद्रं उभारली आहेत, त्यांच्या आधाराने रोव्हर काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. त्यातून निघालेल्या नकाशावर अक्षांश-रेखांश येतात, आणि तो तुमच्या ड्रोनच्या किंवा ठिबकच्या आराखड्यात थेट वापरता येतो. खाजगी माणसाकडून टोटल स्टेशनने मोजून घेतलेला नकाशा आराखड्याला छान, पण भूमी अभिलेखचं प्रमाणीकरण नसेल तर हद्दीच्या वादात त्याचा उपयोग होत नाही. स्वामित्व योजनेचे ड्रोन नकाशे गावठाणाचे आहेत, शेताचे नाहीत, हाही गोंधळ बरेचजण करतात.

एक प्रश्न नेहमी येतो: सगळ्या गावाचा नकाशा एका फाइलमध्ये मिळेल का, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये टाकता येईल? महाभूनकाशावर एकेक तुकडा बघायची सोय आहे, अख्खं गाव उतरवून घ्यायची नाही. बाहेर वेगवेगळे प्रकार आहेत. अमेरिकेत कृषी खात्याचा शेतांच्या हद्दींचा नकाशा एकेकाळी सर्वांना डाउनलोड करता यायचा. २००८ च्या फार्म बिलातल्या कलम १६१९ ने तो बंद झाला, आता सल्लागाराला शेतकऱ्याकडूनच घ्यावा लागतो. फ्रान्सने उलट केलं, शेतांच्या आकृत्या आणि त्यातलं पीक खुलं ठेवलं पण शेतकऱ्याचं नाव काढून टाकलं. आपल्याकडे नाव सगळ्यांना दिसतं आणि आकृती मात्र वापरण्याजोग्या रूपात मिळत नाही. मला विचाराल तर हे उलटं असायला हवं होतं. खताचा सल्ला देणाऱ्याला शेताचा आकार लागतो, खातेदाराच्या आत्याचं नाव लागत नाही. ॲग्रिस्टॅकमध्ये शेतकऱ्यांची नोंद, गावनकाशे आणि पेरणीची नोंद एकमेकांना जोडली जात आहे आणि ती शेतकऱ्याच्या संमतीने वापरायची रचना आहे. लहान धंदेवाल्याला त्यात किती जागा मिळते यावर लक्ष ठेवा.

तोवर नकाशावरची नावं काढून फोन लावत सुटू नका. कायद्यात बसतं का हा नंतरचा प्रश्न. ‘तुमचं नाव सातबाऱ्यावर पाहिलं’ असं अनोळखी माणसाने म्हटलं की जमीन दलाल आला असंच समोरच्याला वाटतं, आणि ते तसंच गावभर होतं.

शेवटचं वेळेचं. कोकणात पावसात मोजणी होणं अवघड, गवत आणि रान वाढलेलं असतं, खुणा सापडत नाहीत. मोकळे दिवस दिवाळीनंतर ते मेपर्यंत, आणि त्यात सगळ्यांचेच अर्ज. म्हणून ज्या क्लायंटकडे क प्रत नाही त्याला आत्ताच सांगा की गणपतीला गावी जाल तेव्हा कागद गोळा करा. सामाईक नावांतले सगळे त्या पाच-सात दिवसांत एका ओटीवर असतात. संमतीच्या सह्या तेव्हाच होतात, एरवी त्यासाठी अंबरनाथ ते बडोदा फिरावं लागतं. तालुक्याच्या कचेरीतून टिपण आणि फाळणीच्या नकलांसाठी अर्ज त्याच खेपेत द्यायला सांगा, सुट्टीचे दिवस मात्र आधी बघून ठेवा.